शुद्धीचा उंबरा

मिरजेत अल्ताफ मुजावरच्या घरी संयोगिता माने पोचली तेव्हा दार रुखसानानेच उघडलं, आणि ती दारातून बाजूला झाली नाही.

"काय बघायला आलीस?"

"तुला भेटायला आले."

"माझा नवरा मारून मला भेटायला आलीस." रुखसानाचा आवाज चढलेला नव्हता. तिच्या मागे सोप्यात बायका बसल्या होत्या, त्यांची कुजबुज थांबली. "मी रेडिओवर होते, संयोगिता. शेवटचं काय बोलला ठाऊक आहे? 'ही कुठं निघाली?' एवढंच. कुठं निघाली होतीस तेवढं सांग आणि जा."

रुखसाना अल्ताफची नुसती बायको नव्हती. त्याच्या विमानाचा एकेक स्क्रू तिच्या हातचा होता, आणि शर्यतीत जमिनीवरून त्याच्या कानात बोलणारा आवाजही तिचाच असायचा.

"मी नाही निघाले," संयोगिता म्हणाली. "विमानातल्या राखणीनं नेलं मला."

"बेशुद्ध होतीस म्हणून नेलं. टीव्हीवर सगळे तेच सांगतात."

"नव्हते बेशुद्ध."

रुखसानाने तिच्या थोबाडीत मारली. चांगली सणसणीत.

"बेशुद्ध असतीस तर देवाची मर्जी म्हणून मी गिळलं असतं," ती म्हणाली. "शुद्धीत होतीस, आणि माझ्या माणसाच्या अंगावर गेलीस?"

दार लागलं. गल्लीतली दोनचार माणसं संयोगिताकडे बघत उभी होती. त्यांतला एक थुंकला. तिच्या दिशेने नाही, पण तिला दिसेल असा.

कोल्हापूरच्या पश्चिमेला वाघजाईचं पठार आहे. तिथे विमानांच्या शर्यती सुरू झाल्या त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. शर्यत म्हटली की कोल्हापूरकराला गर्दी करायला निमित्त लागत नाही. बॅटऱ्या हलक्या झाल्या, मोटारी ताकदवान झाल्या, आणि एका माणसाचं, आखूड पंखांचं, ताशी पावणेपाचशे किलोमीटर पळणारं विमान इथल्या कारखान्यांतच बनू लागलं. पठारावर हवा भरलेले उंच कापडी मनोरे उभे करायचे आणि त्यांना वळसे घालत, जमिनीपासून जेमतेम तीसेक मीटरवरून विमानं पळवायची.

खरा खेळ वळणाचा. दोरीला दगड बांधून गरगर फिरवला की दोरी ताणली जाते, तसं वळणात वैमानिकाचं अंग ताणलं जातं. नऊपट भार आला की पाच किलोचं डोकं पंचेचाळीस किलोचं होतं. रक्तही तितकंच जड होतं, आणि हृदयाला ते मेंदूपर्यंत चढवता येत नाही. आधी रंग जातात. मग कडेचं दिसेनासं होतं, बोगद्यातून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं उरतं, आणि मग तेही जातं. पोटऱ्या, मांड्या, पोट आवळून, तुटक श्वास घेत वैमानिक रक्त वर धरून ठेवतात. ते सुटलं तर दहा-बारा सेकंद माणूस या जगात नसतो. तेवढ्यात विमान दीड किलोमीटर जातं, आणि जमीन तर खाली तीस मीटरवरच असते.

संयोगिताचा थोरला भाऊ विश्वजित असाच गेला. पहिल्या तीन हंगामांत गेलेल्या पाच जणांपैकी तो शेवटचा.

त्याची बायको मुक्ता इंजिनिअर होती. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूला प्राणवायू पुरतो की नाही हे सांगणारी टोपरी ती दवाखान्यांसाठी बनवायची. अंधारात टॉर्चवर बोटं ठेवली की ती लालबुंद दिसतात, कारण तांबडा उजेड मांसातून आरपार जातो. त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड हाडातूनही जातो. प्राणवायू घेऊन निघालेलं रक्त त्या उजेडाची एक छटा गिळतं, प्राणवायू संपलेलं रक्त दुसरी. कपाळातून आत सोडलेला उजेड कसा परत येतो यावरून मेंदूत किती दम शिल्लक आहे ते कळतं.

नवऱ्याच्या तेराव्यानंतर मुक्ताने ते टोपरं हेल्मेटमध्ये बसवायला घेतलं. त्यातून राखण तयार झाली. प्रत्येक वैमानिकाला रहाटात, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाशी बसवून गरगर फिरवणाऱ्या यंत्रात घालून ती त्याचा उंबरा ठरवायची: प्राणवायू इथपर्यंत उतरला की हा माणूस शुद्ध हरपणार. तो आकडा हेल्मेटमध्येच राहायचा. शर्यतीत उंबरा ओलांडला की राखण विमान ताब्यात घ्यायची, पंख सरळ करायची आणि वळणाच्या बाहेर, वर, मोकळ्या आभाळात घेऊन जायची.

त्यानंतर तीन हंगाम कोणी मेलं नाही.

आणि कोणी मरत नाही म्हटल्यावर शर्यतींचे मालक जगदाळे यांनी मनोरे जवळ आणले. सातपटीची वळणं दहापटीची झाली. वैमानिकही बिनघोर झाले. मागे कोणीतरी धरायला आहे म्हटल्यावर माणूस कड्याच्या टोकावर नाचतोच. आधी एकेक विमान घड्याळाशी पळायचं, आता लोकांच्या आग्रहाखातर सहा-सहा एकदम सुटू लागली. मुक्ताने राखण बनवली तेव्हा वरचं बाहेरचं आभाळ रिकामं होतं. आता तिथे दुसरी विमानं होती.

अल्ताफ गेला त्या दिवशी चौथ्या मनोऱ्याशी संयोगिता आतून, खालून वळत होती. अल्ताफ बाहेरच्या अंगाने, थोडा वर, थोडा मागे. तिचे रंग गेले होते, पण मनोऱ्यावरचा आकडा तिला वाचता येत होता. तेवढ्यात विमान वळवायच्या दांडीचा ताबा तिच्या हातून गेला. राखणीने विमान उचललं. तिने दोन्ही हातांनी दांडी रेटली, पाय रोवून रेटली, ती हलली नाही. राखणीला अल्ताफचं विमान दिसत होतं. तो वळत राहील असं धरून तिने त्याच्या वरची फट निवडली होती. पण खालून अंगावर येणारं विमान बघून अल्ताफने माणसाने करावं तेच केलं. वाट द्यायला तो वर गेला. त्याच फटीत. संयोगिताच्या पंखाने त्याचं शेपूट कापलं आणि तो पठाराच्या कड्यावरून खाली गेला.

पंख वाकलेलं विमान राखणीने अलगद उतरवलं. चाकं टेकल्याचं संयोगिताला कळलंसुद्धा नाही.

जगदाळ्यांनी तिला पठारावरच्या कचेरीत बोलावलं. वयाने साठीचे, अंगाने पैलवानी, बोलायला गोड.

"ताई, चौकशीत एकच वाक्य बोलायचं. 'मी बेशुद्ध होते.' यंत्राची नोंद तेच सांगतीया. तुमचा दोष न्हाई, यंत्राचा न्हाई, आमचा तर न्हाईच. नशिबाचा भाग."

"मी त्याचा चेहरा बघितला, जगदाळेसाहेब. बेशुद्ध माणसाला चेहरा दिसत नाही."

"भास झाला असंल."

"मग माझ्या हाताचे स्नायू फाटलेत ते कशानं? झोपेत?"

त्यांचा गोडवा उतरला. "बरं. शुद्धीत होतीस म्हणं. मग पहिला प्रश्न येणार की दांडी का न्हाई फिरवलीस? अल्ताफची आणि तुझी चुरस सगळ्या जिल्ह्याला ठावं हाय. गेल्या सालात त्यानं तुला दोनदा पाडली. लोक काय म्हणतील? बाईनं डाव साधला. बेशुद्ध म्हटलंस तर बिचारी, शुद्धीत म्हटलंस तर खुनी. बघ बाई, कुठली साडी नेसायची ती."

"दोनदा त्यानं नाही पाडलं मला," संयोगिता म्हणाली. "दोन्ही वेळा राखणीनं वळणातून उचललं. मी तेव्हाही जागी होते. तेव्हा सांगितलं तर तुम्ही सगळे हसलात."

"आताबी हसतील," जगदाळे म्हणाले. "फरक एवढाच, आता मढं पडलंय."

ती तिथून थेट मुक्ताकडे गेली. नणंद-भावजयीत विश्वजित गेल्यापासून धड बोलणं नव्हतं. त्याला शर्यतीचा नाद संयोगितानेच लावला होता, आणि तो गेल्यावर महिन्याभरात ती पुन्हा विमानात बसली होती. मुक्ताने ते कधी पोटात घातलं नाही. संयोगिताची आई लेकीकडे न राहता सुनेकडे राहायची, ते संयोगिताच्या मनात सलत होतं.

मुक्ता कार्यशाळेत होती. तिने मान वर केली नाही.

"हेल्मेट आणलंय," संयोगिता म्हणाली. "तपासणीवाल्यांनी परत दिलं. मला रहाटात बसायचंय. आता."

"कशाला?"

"मी शुद्धीत होते हे तुम्हाला दाखवायला."

"तुझ्या मेंदूत प्राणवायू किती होता ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. त्यापुढे तुझ्या सांगण्याला काय अर्थ?"

"घाबरता काय, वहिनी?"

तेव्हा मुक्ताने तिच्याकडे पाहिलं. "बस," ती म्हणाली.

रहाट मोठ्या गोल खोलीत होता. संयोगिताने पट्टे आवळले, हेल्मेट घातलं. समोर हिरवा दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं, इतकंच काम. जाग्या माणसाचंच ते काम. राखणीचा ताबा सुरू झाला की तांबडा दिवा लागणार होता. काचेपलीकडे मुक्ता एकटीच होती.

रहाट फिरू लागला. पाचपट. सातपट. गाल खाली ओढले गेले. हिरवा दिवा, बटण. आठपट. हिरवा, बटण. नऊच्या अलीकडेच तांबडा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. हिरवा लागला, तिने बटण दाबलं. पुन्हा लागला, पुन्हा दाबलं. पोट आवळून, दात खाऊन ती दाबत राहिली. साडेनऊ. दहा. कडेचं जग गेलं, मधला हिरवा ठिपका राहिला, आणि तोही तिने चुकवला नाही. मुक्ताने रहाट थांबवला तेव्हा तांबडा दिवा लागून वीसेक सेकंद झाली असतील.

संयोगिता बाहेर आली ती भिंतीला धरून. तिला ओकारी आली, ती कोपऱ्यात ओकली, तोंड पुसलं, आणि काचेची खोली गाठली.

"नऊच्या आत," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांची राखण दहापर्यंत हात लावत नाही. माझी नऊच्या आत. तीन वर्षांपूर्वी याच रहाटात तुम्ही माझा उंबरा ठरवलात. तेव्हाही मी दहापर्यंत जागी होते. मग हा आकडा आला कुठून?"

मुक्ताने रहाटाचा खटका बंद केला.

"वहिनी."

"मी घातला."

"माझ्या एकटीच्या?"

"तुझ्या एकटीच्या." मुक्ता उभी राहिली. तिच्या आवाजात खेद नव्हता, राग होता, आणि तो बरीच वर्षं मुरलेला होता. "तुझ्या भावाला मी गोळा करून आणलं, संयोगिता. तू तेव्हा बक्षिसाच्या मांडवात होतीस. तुझी आई रोज माझ्याकडे बघते आणि विचारते, ही तरी राहील ना? रोज. तू येतेस का ऐकायला? तुला मी थांबवू शकत नव्हते. म्हणून उंबरा वर नेला, राखण लवकर धरेल असा. हरलीस तर हरलीस."

"आणि दांडी? दोन्ही हातांनी हलली नाही."

"ती सगळ्यांचीच तशी आहे. विश्वजितचा हात आठव. शुद्ध गेल्यावर माणसाला झटके येतात, हात आपोआप ओढतात. त्याच्याच हातानं त्याला जमिनीत घातलं. बेशुद्ध हाताला मागे टाकायचं तर दांडी घट्टच हवी."

"मी बेशुद्ध नव्हते!"

"ते मला आता कळलं. मघाशी हेल्मेट रहाटाला जोडताना आकडा पुसता आला असता मला. पुसला नाही. तेवढं तरी ध्यानात ठेव."

"अल्ताफ मेला, वहिनी."

"तू मेली असतीस तर मी काय तोंड दाखवलं असतं तुझ्या आईला?" मुक्ता ओरडली. "मला तू आवडतेस म्हणून नाही केलं हे. तू मला कधीच आवडली नाहीस."

चौकशी कोल्हापुरात, बंद खोलीत झाली. तीन अधिकारी, जगदाळे, त्यांचा वकील, आणि मागच्या खुर्चीवर रुखसाना. संयोगिता उभी राहिली आणि म्हणाली, "मी शुद्धीत होते." वकील जणू वाटच बघत होता. चुरस, हार, मत्सर, सगळं त्याने तोंडपाठ केल्यासारखं मांडलं. संयोगिताने अल्ताफ वर का गेला ते सांगितलं. तो वळत राहिला असता तर दोघंही वाचले असते, तो तिला वाट द्यायला गेला, हे सांगताना तिने रुखसानाकडे पाहिलं. रुखसानाने नजर काढून घेतली.

मग उंबऱ्याचा विषय आला. संयोगिताने वहिनीचं नाव घेतलं. अधिकाऱ्यांनी मुक्ताला विचारलं.

"खरं आहे," मुक्ता म्हणाली. "हिच्या हेल्मेटात मी वेगळा आकडा घातला. पण साहेब, मनोरे मी जवळ आणले नाहीत. सहा विमानं एकदम मी सोडली नाहीत. मी राखण केली ती रिकाम्या आभाळासाठी."

आठवड्याने निकाल लागला. मुक्ताचा परवाना गेला, फौजदारी खटला उभा राहिला. संयोगिताला शर्यतीतून काढण्यात आलं. सगळ्या विमानांतली राखण उतरवण्याचा हुकूम निघाला. मनोऱ्यांबद्दल एक ओळ होती: आयोजकांनी योग्य तो विचार करावा.

जगदाळ्यांनी योग्य तो विचार केला. मनोरे होते तिथेच राहिले, सहा विमानंही राहिली, आणि पोस्टरं लागली: या वेळी राखण नाही, फक्त काळीज! तिकिटं दोन दिवसांत संपली. संयोगिता त्यांच्याकडे गेली, मनोरे मागे घ्या म्हणाली.

"तूच काढायला लावलीस की राखण," जगदाळे म्हणाले. "आता लोकांना दहापटीची सवय लागलीया. सातपटीला कोण येतंय पठारावर उन्हात बसायला? चल, नीघ. तुला बघितलं की गिऱ्हाईक बिथरतंय."

वैमानिकांकडे गेली. त्यांतला थोरला, मोहिते, तोंडावर म्हणाला, "तू एकाला खाल्लंस. आता आमची काळजी करतीस होय?"

शर्यतीच्या दिवशी पठार माणसांनी भरून गेलं होतं. मांडवात अल्ताफचा हार घातलेला फोटो, आणि त्याच्या बायकोचा सत्कार करायला शाल आणि नारळ. रुखसानाला गाडी पाठवून आणलं होतं. सहा विमानं धावपट्टीच्या टोकाला रांगेत लागली होती. जगदाळ्यांनी शाल तिच्या हाती दिली, आणि तेवढ्यात मागच्या शेडमधून सातवं विमान बाहेर आलं.

पंख नुकता दुरुस्त केलेलं संयोगिताचं विमान. ते जमिनीवरूनच चालत आलं, धावपट्टीच्या मध्यावर आडवं उभं राहिलं, आणि मोटार बंद झाली. तिने काचेचं झाकण उघडलं, बॅटरीचा मुख्य खटका उपसून काढला आणि लांब गवतात भिरकावला. मग पुन्हा जागेवर बसली.

आधी लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मग कोणीतरी तिला ओळखलं. शिव्या सुरू झाल्या. पाण्याच्या बाटल्या आल्या, चपला आल्या, एक दगड पंखावर आपटला. मोहिते आपल्या विमानातून उतरून तावातावाने चालत आला. "बाजूला घे!"

"मनोरे बाजूला घ्या," संयोगिता म्हणाली.

"तुझ्या बापाचं पठार हाय?"

"एक जरी मेला तरी तुझ्याही बापाचं राहणार नाही."

जगदाळ्यांनी विमानं ओढायचा ट्रॅक्टर सोडला. तो धावपट्टीवर येत असताना मांडवातून रुखसाना खाली उतरली. हातातली शाल तिने खुर्चीवर ठेवली. ती ट्रॅक्टरच्याही पुढे, सरळ विमानाकडे चालत निघाली, तेव्हा गर्दीने आरोळ्या दिल्या. "हाण तिला! सोडू नको!" संयोगिताने पट्टे सोडले नाहीत. मार खायची तयारी तिने सकाळीच केली होती.

रुखसाना विमानाशी आली. तिने वर पाहिलं नाही. पुढच्या चाकाशी विमान ओढायचा दांडा अडकवायची खीळ असते. ती तिने सवयीच्या हाताने, एका झटक्यात काढली आणि पदरात घेतली. खीळ नसेल तर ट्रॅक्टरला ओढायला काही उरत नाही. मग ती पंखाच्या सावलीत, ट्रॅक्टरच्या वाटेत, मांडी घालून बसली.

ट्रॅक्टर तिच्यापासून दोन हातांवर थांबला. ड्रायव्हरने जगदाळ्यांकडे पाहिलं. ज्या विधवेचा सत्कार करायला सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे बोलावले होते, तिच्यावर चाक घाल असं सांगायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी हातातला नारळ मांडवाच्या खांबावर फेकून मारला.

त्या दिवशी शर्यत झाली नाही, त्या हंगामातही नाही. पुढच्या वर्षी मनोरे मागे गेले, विमानं एकेक सुटू लागली, आणि राखण परत आली. या वेळी तिची दांडी जाग्या माणसाला एका हाताने परत घेता येईल अशी होती. ती नवी दांडी मुक्ताने तुरुंगाच्या दारात उभी असताना, खटल्याच्या तारखांच्या मधल्या वेळात आखून दिली. गर्दी निम्म्यावर आली. संयोगिताला पुन्हा कधीच विमान मिळालं नाही, आणि आईला भेटायला गेली तर मुक्ता आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी लोक हळूहळू पांगले, तरी शिव्या ऐकू येत होत्या. पोलीस यायला वेळ होता. पंखाखालून रुखसानाचा आवाज आला.

"मी तुझ्यासाठी बसलेले नाही."

"ठाऊक आहे."

"तू मला डोळ्यांसमोर नको वाटतेस."

"तेही ठाऊक आहे."

ऊन पंखावरून खाली सरकत होतं.

"पाणी आहे का?"

संयोगिताने सीटमागची बाटली काढून खाली सोडली. रुखसाना घटाघटा प्याली, तोंड पुसलं, झाकण आवळून लावलं, आणि उरलेलं पाणी परत न देता आपल्या मांडीवर ठेवून बसली.